तेवीस की पंचवीस? : बीएमआयचे गणित आणि त्याचा अर्थ

माणसाचे वजन त्याच्या उंचीच्या मानाने कमी आहे, बेताचे आहे की जास्त आहे हे ठरवण्यासाठी जगभरात सर्वाधिक वापरले जाणारे माप म्हणजे बॉडी मास इंडेक्स, संक्षेपाने बीएमआय. आरोग्य तपासणीचा अहवाल, आयुर्विम्याचा अर्ज, मधुमेहाच्या दवाखान्यातील केसपेपर आणि अलीकडे मोबाइलमधील ॲप, या सर्वांत हा आकडा आढळतो आणि त्याच्या शेजारी बहुधा ‘नॉर्मल’ किंवा ‘ओव्हरवेट’ असा शेराही छापलेला असतो. आकडा काढण्यासाठी शालेय गणित पुरते. शेऱ्याचे मात्र तसे नाही, कारण ज्या सीमारेषांवरून तो दिला जातो त्या निसर्गाने आखलेल्या नसून निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या देशांतील माणसांच्या नोंदी पाहून तज्ज्ञांनी ठरवलेल्या आहेत आणि त्या वेळोवेळी सरकलेल्याही आहेत.

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता बीएमआय मिळतो. एखाद्या व्यक्तीचे वजन ५८ किलो आणि उंची १.६२ मीटर असेल, तर उंचीचा वर्ग, म्हणजे १.६२ गुणिले १.६२, सुमारे २.६२ येतो आणि ५८ ला त्याने भागल्यावर उत्तर २२.१ येते. वर्ग काढण्याचा कंटाळा असेल तर वजनाला उंचीने एकदा भागावे आणि आलेल्या उत्तराला पुन्हा त्याच उंचीने भागावे. निष्कर्ष तोच निघतो. या आकड्याचे एकक खरे तर किलोग्रॅम प्रति चौरस मीटर असे आहे, परंतु व्यवहारात ते कोणी उच्चारत नाही.

आपल्याकडे वजन किलोत आणि उंची फूट-इंचांत सांगण्याची पद्धत असल्यामुळे हिशेबातील बहुतेक चुका उंचीपाशी होतात. पाच फूट दहा इंच ही उंची ५.१० अशी लिहिली की कॅल्क्युलेटर तिला पाच पूर्णांक एक दशांश फूट समजतो, म्हणजे १७७.८ सेंटिमीटर उंचीचा माणूस कागदावर सुमारे १५५.४ सेंटिमीटरचा होतो आणि त्याचे वजन ७० किलो असेल तर त्याचा २२.१ हा निर्दोष बीएमआय २९ वर जाऊन पोहोचतो. म्हणून फुटांना १२ ने गुणून त्यात इंच मिळवावेत, बेरजेला २.५४ ने गुणून सेंटिमीटर काढावेत आणि त्यांना १०० ने भागून मीटर करावेत. उंचीचा वर्ग होत असल्यामुळे तिच्यातील लहान चूकही उत्तरात दुपटीने उतरते. साठ किलो वजनाच्या व्यक्तीची उंची १६० ऐवजी १६२ सेंटिमीटर धरली तर बीएमआय २३.४ वरून २२.९ वर येतो, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे भारतीयांच्या बाबतीत नेमकी याच ठिकाणी एक सीमारेषा आहे. स्वतःची उंची सांगताना माणसे ती किंचित वाढवून आणि वजन किंचित घटवून सांगतात, हे अनेक देशांतील पाहण्यांत आढळले आहे. त्यामुळे उंची ऐकीव न धरता पायातील जोडे काढून, टाचा भिंतीला टेकवून आणि नजर समोर ठेवून प्रत्यक्ष मोजलेलीच घ्यावी.

भागाकार उंचीच्या वर्गाने का करायचा, हा प्रश्न चौकस वाचकाला पडण्याजोगा आहे. एखादी वस्तू लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्ही दिशांनी सारख्या प्रमाणात वाढवली तर तिचे वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि या न्यायाने माणसाच्या वजनालाही उंचीच्या घनाने भागायला हवे होते. पण उंच माणूस हा बुटक्या माणसाची सर्व बाजूंनी वाढवलेली आवृत्ती नसतो. उंचीच्या मानाने तो अंगाने अरुंद असतो. ही गोष्ट आकड्यांनिशी प्रथम मांडली ती बेल्जियममधील अदोल्फ केतले या विद्वानाने. १७९६ मध्ये गेंट येथे जन्मलेला केतले पेशाने खगोलशास्त्रज्ञ आणि ब्रसेल्सच्या वेधशाळेचा संस्थापक होता. ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणांतील चुका ज्या गणिती वक्राने समजावून घेतल्या जात, तोच वक्र माणसांच्या मापांना लावता येतो असा त्याचा सिद्धान्त होता. प्रौढ माणसांचे वजन ढोबळमानाने उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते असे त्याने १८३२ मध्ये नोंदवले आणि १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘सरासरी माणूस’ ही कल्पना सविस्तर मांडली. लठ्ठपणा, मधुमेह किंवा हृदयविकार यांचा विचार त्याच्या मनात नव्हता. समाजाचे सरासरी रूप कसे असते हे त्याला पाहायचे होते, आणि त्याचे सूत्र पुढे दवाखान्यात एकेका रुग्णाला लावले जाईल याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते.

वजनाचा आयुर्मानाशी संबंध जोडण्याचे काम डॉक्टरांच्या आधी विमा कंपन्यांनी मनावर घेतले, कारण कोणता ग्राहक लवकर मरण पावेल हे आधी कळण्यात त्यांचा रोकडा स्वार्थ होता. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीने १९४० च्या दशकात उंचीनुसार ‘आदर्श’ वजनाची कोष्टके प्रसिद्ध केली आणि ती कित्येक दशके डॉक्टरांच्या टेबलावर राहिली. या कोष्टकांत माणसांची लहान, मध्यम आणि मोठ्या हाडापेराची अशी वर्गवारी केलेली होती, पण ती कशी ठरवायची याविषयी संदिग्धता होती. शिवाय त्यांतील नोंदी ज्यांना विमा परवडत होता अशाच लोकांच्या होत्या. या गोंधळातून मार्ग काढण्यासाठी अन्सेल कीज या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांवर निरनिराळी सूत्रे पडताळून पाहिली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्वचेच्या घडीची जाडी मोजून काढलेल्या चरबीशी केतलेचे सूत्र इतरांइतकेच किंवा किंचित सरस जुळते आणि उंचीचा त्यावर फारसा प्रभाव पडत नाही, असे त्यांना आढळले. बॉडी मास इंडेक्स हे नाव तेव्हापासूनचे. हे माप लोकसमूहांच्या अभ्यासासाठी योग्य आहे, एका व्यक्तीच्या निदानासाठी नव्हे, अशीच कीज यांची भूमिका होती. तपासलेल्यांत स्त्रिया नव्हत्या आणि भारतीयही नव्हते, ही गोष्ट या मापाची पुढची कारकीर्द पाहता लक्षात ठेवण्यासारखी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी जी पट्टी रूढ केली तिच्यात १८.५ पेक्षा कमी बीएमआय हे कमी वजन, १८.५ ते २४.९ हे योग्य, २५ ते २९.९ हे अतिरिक्त वजन आणि ३० किंवा अधिक हा लठ्ठपणा मानला जातो. लठ्ठपणाच्याही ३५ आणि ४० या टप्प्यांवर पुढील श्रेणी केलेल्या आहेत. २५ आणि ३० हे पाचाच्या पाढ्यातील गोल आकडे आहेत ते सोयीसाठी. बीएमआय २४.९ असलेल्या माणसाच्या शरीरात २५.१ वर जाताना कोणताही बदल घडत नाही. आजाराचा धोका चढावर चढत जावा तसा हळूहळू वाढत असतो आणि त्या चढावर कुठेतरी खूण करावी लागते, एवढाच या आकड्यांचा अर्थ. अमेरिकेत १९९८ पर्यंत अतिरिक्त वजनाची सीमा पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ अशी होती. त्या वर्षी ती दोघांसाठी २५ वर आणण्यात आली आणि कोट्यवधी अमेरिकी नागरिक, अंगावर एक ग्रॅमही न वाढता, एका निर्णयासरशी ‘ओव्हरवेट’ ठरले.

आशियाई लोकांच्या बाबतीत ही पट्टी अपुरी पडते, हे १९९० च्या दशकापासून स्पष्ट होत गेले, कारण २५ च्या आतील बीएमआय असलेल्या आशियाई माणसांतही मधुमेह आणि हृदयविकार मोठ्या प्रमाणावर दिसत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांची यासंबंधीची बैठक २००२ मध्ये सिंगापूरला झाली आणि तिचे निष्कर्ष २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. आंतरराष्ट्रीय वर्गवारी कायम ठेवावी, पण आशियाई लोकसंख्येसाठी २३ आणि २७.५ या टप्प्यांवर सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने पावले उचलावीत, असा तो तडजोडीचा निर्णय होता. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये अधिक ठाम भूमिका घेतली आणि भारतीयांसाठी २३ पासून अतिरिक्त वजन व २५ पासूनच लठ्ठपणा मानावा असे सुचवले. म्हणजे ज्या आकड्याला अमेरिकेत नुकती सूचना मिळते, त्याच आकड्याला भारतात लठ्ठपणाचे निदान होते. पाच फूट सात इंच उंचीच्या माणसासाठी २३ ही रेषा सुमारे ६६.६ किलोवर, २५ ची ७२.४ किलोवर आणि ३० ची जवळजवळ ८७ किलोवर येते. कोणती पट्टी लावली यावर त्याच्या वजनाविषयीचे मत किती बदलते हे यावरून दिसेल.

भारतीयांसाठी वेगळी रेषा का लागते, याचे सर्वांत बोलके चित्र पुण्यातील संशोधनातून आलेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील त्यांचे सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय एकसारखा, २२.३ होता. दोघांचे डेक्सा नावाच्या क्ष-किरण पद्धतीने स्कॅन काढले, ज्यात हाड, चरबी आणि इतर ऊती यांचा वेगवेगळा हिशेब लागतो. तेव्हा युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. दोघांची छायाचित्रे शेजारी-शेजारी छापलेला त्यांचा एक पानी लेख २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि दोन्ही आडनावांच्या रोमन आद्याक्षरांवरून ‘वाय-वाय’ विरोधाभास म्हणून ओळखला गेला. युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिक यांची धाव रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठण्यापुरती असते, असा खुलासा त्या लेखात लेखकांनीच विनोदाने केलेला आहे. पण व्यायामाच्या जोडीला याज्ञिक यांच्या कमी जन्मवजनाकडेही तिथे बोट दाखवलेले होते, आणि खरे संशोधन त्या दिशेने चाललेले होते.

याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांची आणि त्यांच्या मुलांची दीर्घकाळ पाहणी केली. तिथे जन्मणाऱ्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बाळांचे जवळपास साडेतीन किलो. आठशे ग्रॅमनी हलके असलेले हे बाळ सर्वच बाबतींत लहान असेल अशी अपेक्षा होती, परंतु मोजमापांत असे दिसले की स्नायू आणि पोटातील अवयव यांची वाढ बरीच खुंटलेली असली तरी फऱ्याखालच्या त्वचेच्या घडीत मोजलेली चरबी मात्र त्या मानाने फार कमी झालेली नव्हती. हाडकुळे दिसणारे हे बाळ आतून तुलनेने चरबीयुक्त होते; ‘थिन-फॅट’ भारतीय बाळ हे वर्णन याच निष्कर्षातून आले. रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायू वापरतात. ते मुळातच कमी असतील आणि पुढे शहरी खाण्यापिण्यात जादा ऊर्जा मिळू लागली, तर ती चरबीच्या रूपाने पोटातील अवयवांभोवती व यकृतात साठते, इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि वजनकाट्यावर काही विशेष न दिसताही मधुमेहाची वाट मोकळी होते. यात आनुवंशिकतेचा वाटा किती आणि गर्भातील कुपोषणाचा किती, हा वाद अजून चालू आहे.

हा फरक देश बदलल्याने पुसला जात नाही. इंग्लंडमधील सुमारे पंधरा लाख लोकांच्या वैद्यकीय नोंदींवर आधारलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की गोऱ्या वंशाच्या लोकांना बीएमआय ३० असताना मधुमेहाचा जो धोका असतो, तोच दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना २३.९ लाच असतो. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांत आता अशा लोकांसाठी २३ आणि २७.५ हेच टप्पे दिलेले आहेत, त्यामुळे लंडन किंवा बर्मिंगहॅम येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही स्वतःला हीच पट्टी लावणे योग्य.

वाढत्या वजनाच्या चर्चेत पट्टीच्या खालच्या टोकाकडे दुर्लक्ष होते, आणि भारतात ते परवडणारे नाही. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रियांचा आणि १६.२ टक्के पुरुषांचा बीएमआय १८.५ च्या खाली होता, तर २४ टक्के स्त्रियांचा आणि २२.९ टक्के पुरुषांचा २५ किंवा त्याहून अधिक. ही पाहणी जास्त वजनासाठी २५ ची रेषा वापरते, म्हणजे भारतीय निकष लावल्यास दुसरा आकडा आणखी फुगेल. १७ च्या खाली मध्यम आणि १६ च्या खाली तीव्र कृशता समजली जाते. अशा शरीराची रोगप्रतिकारशक्ती क्षीण असते आणि क्षयरोगाचा धोका बीएमआय घटेल तसा झपाट्याने वाढतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना अतिरिक्त शिधा देऊन केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरात नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. बारीक असणे म्हणजे निरोगी असणे, ही मध्यमवर्गीय समजूत निदान या देशात तरी तपासून घ्यावी लागेल.

बीएमआय वजन मोजतो, ते वजन कशाचे आहे हे तो सांगत नाही, आणि त्याच्या बहुतेक मर्यादा या एका गोष्टीतून निघतात. कोल्हापूरच्या तालमीत घाम गाळणाऱ्या मल्लाचा बीएमआय सहज ३० च्या पुढे जातो, पण ते वजन बव्हंशी स्नायूंचे असते. उलट सत्तरीतील माणसाचे स्नायू झिजून त्यांची जागा चरबीने घेतली तरी काटा आणि बीएमआय जिथल्या तिथे राहू शकतात, शिवाय मणके दबून उंची घटल्यामुळे आकडा खोटाच वाढतो. सारख्या बीएमआयला स्त्रियांच्या शरीरात पुरुषांपेक्षा चरबीचे प्रमाण जास्त असते आणि ते नैसर्गिक आहे. गर्भवती स्त्रीचा चालू बीएमआय निरर्थक असतो. तिच्याबाबतीत गरोदर राहण्यापूर्वीचा आकडा पाहून नऊ महिन्यांत किती वजन वाढावे हे ठरवतात. यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात अंगात पाणी साठले असेल तर ते पाणीही काटा इमानेइतबारे मोजतो.

मुलांना प्रौढांची पट्टी लावणे ही तर सरळ चूक आहे, कारण वाढीच्या वयात योग्य बीएमआय दर वर्षी आणि मुलगा-मुलगीनुसार बदलतो. त्यासाठी वय आणि बीएमआय यांचे वक्र असलेले तक्ते वापरतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यांत ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी प्रौढपणीच्या २३ आणि २७ या आकड्यांशी जुळणाऱ्या रेषा काढलेल्या आहेत. आठ वर्षांच्या मुलाचा बीएमआय १६ आला म्हणून त्याला कृश ठरवणारे ॲप सरळ काढून टाकावे.

इतक्या उणिवा असूनही हे माप टिकून आहे, कारण काटा आणि मोजपट्टी एवढ्याच साधनांवर ते खेड्यातील उपकेंद्रातही काढता येते आणि लाखो माणसांच्या नोंदींत ते आजारांशी पुरेसे सुसंगत ठरते. त्याला टाकून देण्यापेक्षा त्याच्या जोडीला दुसरे माप घेणे शहाणपणाचे, आणि ते माप म्हणजे कमरेचा घेर. २०२५ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या लॅन्सेट आयोगाने लठ्ठपणाचे निदान केवळ बीएमआयवरून करू नये, चरबी प्रत्यक्ष मोजावी किंवा कमरेच्या घेरासारखे माप सोबत घ्यावे, आणि त्या चरबीमुळे एखाद्या अवयवाच्या कामात बिघाड झाला आहे का हेही पाहावे, अशी शिफारस केली. त्याच महिन्यात भारतीय तज्ज्ञांनी सुधारलेल्या व्याख्येतही पोटाच्या चरबीला असेच महत्त्व दिले आहे.

हा घेर पँटच्या मापावरून ठरवता येत नाही, कारण पोट सुटलेले पुरुष पँट पोटाच्या खाली बांधतात आणि वर्षानुवर्षे तेच माप सांगत राहतात. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यावर, त्वचेला टेकेल पण रुतणार नाही अशा रीतीने टेप धरून तो मोजतात. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. आणखी सोपा निकष असा की घेर उंचीच्या निम्म्याच्या आत असावा. बीएमआय २२ असला तरी ज्यांचा घेर या मर्यादेपुढे गेला आहे आणि ज्यांच्या घरात मधुमेह आहे, त्यांनी रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातील चरबी यांची तपासणी पुढच्या वर्षावर ढकलू नये.